हात उजेडात धरा

डॉक्टर त्रिलोकेकर बाईंचा देवावर काडीचाही विश्वास नव्हता, आणि श्रावणात डिलाईल रोडवरच्या चाळींमधली सत्यनारायणाची एकही पूजा त्या चुकवत नसत. बोलावणं असो नसो, त्या यायच्या. दाराशी चपला काढायच्या, गर्दीतून वाट काढत थेट चौरंगापाशी जायच्या, भटजींच्या शेजारी बसकण मारायच्या आणि तीर्थाचं भांडं आपल्याकडे ओढून म्हणायच्या, "तुम्ही प्रसादाचं बघा. तीर्थ मी देते." नवा भटजी असला तर गोंधळायचा. जुने मुकाट्याने पळी देऊन मोकळे व्हायचे.

पहिली दोन वर्षं मला वाटलं, बाई भाविक आहेत. मग एकदा न राहवून विचारलं, "बाई, तुम्ही आणि सत्यनारायण?" त्या द्रोणातला शिरा चाटूनपुसून खात होत्या. म्हणाल्या, "अगं परब, ज्यांना दवाखान्यात या, या म्हणून मी वर्षभर घसा कोरडा करते, ते सगळे बापये आज आपणहून रांगेत उभे राहून माझ्यापुढे हात पसरतात. केसपेपर नाही, लाजबीज नाही, बायकोने ओढून आणायला नको. अशी ओपीडी मला कुठे मिळणार?"

दारूने लिव्हर खराब व्हायला लागलं की पुष्कळांचा तळहात लाल होतो. सगळा नाही. अंगठ्याच्या बुडाशी आणि करंगळीच्या कडेने लाली चढते, मधला भाग पांढरा राहतो. दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे त्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. बाई बघायच्या. तीर्थाचा थेंब हातावर पडायच्या आधी त्यांचं बघून झालेलं असे. एखाद्याला तीर्थ देऊन झाल्यावरही त्याचं मनगट सोडत नसत. "सोमवारी ये. उपाशीपोटी." तो हसून पुढे सरकायचा. सोमवारी आला नाही तर मंगळवारी बाई त्याच्या दारात.

मी त्यांच्या दवाखान्यासमोरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, आजही आहे. रक्त काढायचं, मशीनला लावायचं, रिपोर्ट पाकिटात घालून रस्ता ओलांडून पोचवायचा. आम्ही मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. बाई गिरगावातल्या जुन्या घरंदाज घरातल्या. त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या वकील नाही तर डॉक्टर, मरीन लाइन्सच्या बाजूला प्रॅक्टिस केली असती तर सुखात राहिल्या असत्या. इकडे का आल्या, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सुती साडी, खोचलेला पदर, मनगटावर वडिलांचं मोठ्या तबकडीचं घड्याळ. श्रावणात मुद्दाम दवाखान्याचं दार उघडं टाकून डब्यातलं कोलंबीचं भानोलं खायच्या. येणारेजाणारे नाक मुरडायचे, आणि बाईंना तेच हवं असायचं.

कारण श्रावण या गोष्टीवर त्यांचा मनापासून राग होता. गिरणगावात एक पक्की समजूत आहे, की जो श्रावण पाळतो तो बेवडा नाही. गटारीला नाकातोंडातून बाहेर येईस्तोवर प्यायची, आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बाटलीला हात लावायचा नाही. मग कोणी बोट दाखवलं की छाती काढून विचारायचं, "महिनाभर सोडतो की नाय? मग?" घरच्या बायकांनाही एवढं प्रमाणपत्र पुरतं. माझ्याही घरात पुरत होतं. बाई म्हणायच्या, "अकरा महिने लिव्हरला झोडपायचं आणि बाराव्या महिन्यात एकदम बंद करून मेंदूला फाशी द्यायची. याला व्रत म्हणतात, गाढवं!" श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात त्या मुंबईबाहेर पाऊल टाकत नसत. रोजची दारू एकदम तुटल्यामुळे कोणाचे हात थरथरायचे, कोणाला दरदरून घाम फुटायचा, कोणाला फिट यायची, कोणाला भिंतीवर उंदीर चढताना दिसायचे. आणि घरचे म्हणायचे, उपासाने अशक्तपणा आलाय, साबुदाण्याची खिचडी द्या.

त्यांचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक खिडकी. खिडकी महत्त्वाची. पेशंटला त्या ट्यूबलाइटखाली कधी तपासत नसत. "ट्यूबलाइट खोटारडी असते. पिवळं लपवते. हात उजेडात धरा." संध्याकाळी कोणी डोळे दाखवायला आलं तर सरळ परत पाठवायच्या, उद्या सूर्य असताना ये. खिडकीशी उभं करून खालची पापणी ओढायच्या, शर्टाची वरची दोन बटणं स्वतः काढायच्या आणि छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल रेषांचे ठिपके शोधायच्या. सापडला ठिपका की आमच्या लॅबमधून उचललेली काचपट्टी त्यावर दाबायच्या. दाबलं की लाली जायची, सोडलं की मधून बाहेर पसरत परत यायची. मग पाय दाबून सूज, पोटावर टिचक्या मारून पाणी, आणि शेवटी दोन्ही हात पुढे करून पंजे मागे वळवायला सांगायच्या, वाहतूक पोलीस थांबवतो तसे. पंजे आपोआप फडफडून खाली पडले की त्या अगदी गप्प व्हायच्या. बाई ओरडत होत्या तोवर आशा असायची, एवढं मला कालांतराने कळलं.

त्या कोणालाही 'किती पिता' असं विचारत नसत. विचारायच्या, "किती वाजता सुरू करता?" किती विचारलं की माणूस तयारच असतो, 'थोडी.' वाजता विचारलं की तो खरोखर घड्याळ आठवायला लागतो. उत्तर सकाळी नऊच्या आतलं आलं की बाई पेन खाली ठेवायच्या.

'थोडी' या शब्दाचा त्यांना विलक्षण तिटकारा होता. टेबलावर पाण्याचा तांब्या आणि स्टीलचे दोन पेले कायम ठेवलेले असत. नवऱ्याला म्हणायच्या, दाखव थोडी म्हणजे किती. तो बोटभर पाणी ओतायचा. मग त्याला बाहेर काढून बायकोच्या हातात तांब्या द्यायच्या. एकदा मी रिपोर्ट घेऊन गेले, तर लालबागची एक बाई दुसऱ्या पेल्यात पाणी ओतत होती. पेला भरला, पाणी टेबलावर सांडलं, केसपेपर भिजले, तरी ती ओततच होती, आणि रडत होती. बाईंनी तांब्या काढून घेतला नाही. "ओत. सगळा रिकामा कर. इथे तुझी सासू नाही," म्हणाल्या. मी दारातूनच मागे फिरले.

आता त्या चुकत नव्हत्या असं नाही. एकदा फार मोठी चूक केली. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत काम करणारे गावडे म्हणून एक गृहस्थ होते. तळहात लाल, छातीवर ठिपके, पायांना सूज. बाईंनी वाजता विचारलं. ते म्हणाले, मी आयुष्यात घेतलेली नाही. बाई भडकल्या. भरलेल्या दवाखान्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "इथे खुर्चीवर बसून आजवर फक्त खोटं ऐकलंय मी. तुम्ही निराळे नाही." गावडे मान खाली घालून रक्त द्यायला माझ्याकडे आले. हाताची नस सापडेना इतके कापत होते, आणि ते कापणं अपमानाचं होतं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. लिव्हर खराबच होतं, पण हिपॅटायटिस बीच्या जुन्या संसर्गाने. त्यांनी खरोखर थेंबाला स्पर्श केला नव्हता.

रिपोर्ट वाचून बाई उठल्या, दवाखान्यात बसलेल्या पेशंटांना "थांबा" म्हणाल्या आणि मला घेऊन गावड्यांच्या चाळीत गेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभं राहून मोठ्याने म्हणाल्या, "गावडे, मी चारचौघांत तुम्हाला खोटारडे म्हटलं. तुम्ही खरं बोलत होता. चूक माझी. माफ करा." दारादारांतून डोकी बाहेर आली. गावड्यांच्या बायकोने त्यांना आत बोलावलं, चहा टाकला. बाहेर पडल्यावर बाई मला म्हणाल्या, "यापुढे आधी रक्त, मग राग." आणि ते त्यांनी पाळलं. रक्त येईपर्यंत दातओठ खाऊन गप्प बसायच्या, तेव्हा त्यांच्याकडे बघवत नसे.

हे सगळं मी बघत होते. रोज बघत होते. म्हणून पुढचं लिहिताना मला स्वतःचाच संताप येतो.

माझा मोठा भाऊ मोहन, आमचा दादा, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये लिफ्टचा मेकॅनिक होता. गोड माणूस. कोणाच्याही मदतीला धावायचा, मंडळाच्या गणपतीचा सगळा देखावा दरवर्षी एकहाती उभा करायचा. प्यायचा. आमच्या घरात याला 'सवय' म्हणत. वहिनी म्हणायची, "मित्रांना कंपनी देतात." आई म्हणायची, "थकान येता, जरा घेता." मी काही म्हणत नव्हते. मी लॅबमध्ये लोकांचे आकडे वाचत होते.

त्या वर्षी आमच्या चाळीतली पूजा श्रावणाच्या पहिल्या शनिवारी होती. बाई नेहमीप्रमाणे पळी घेऊन बसल्या होत्या. दादाचा नंबर आला. त्याने उजव्या हाताखाली डावा धरला, अगदी रीतीप्रमाणे, आणि तरी तीर्थ मनगटावरून ओघळून बाईंच्या साडीवर पडलं. हात थरथरत होता. अंगठ्याखाली लालभडक. बाईंनी मनगट धरलं.

शेजारी आई बसली होती. लगेच म्हणाली, "उपास असा ना, अशक्तपणा इलो."

बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहिलं. "परब?" एवढंच विचारलं. घरात राहणारी मी होते. सकाळी कामावर जाताना दादाच्या तोंडाला येणारा वास मला माहीत होता. बडीशेपेच्या पुड्यांनी भरलेला त्याचा खिसा मला माहीत होता. सगळी चाळ बघत होती, आई डोळ्यांनी मला दटावत होती, आणि दादा हसत होता, लहानपणी काच फोडल्यावर हसायचा तसा. मी म्हटलं, "हो बाई. उपासच आहे."

बाईंनी मनगट सोडलं. "सोमवारी रक्त," म्हणाल्या आणि पुढच्याला तीर्थ दिलं.

सोमवारी आईने त्याला पाठवलं नाही. मंगळवारी बाई दारात आल्या, तर आई उंबऱ्यातच उभी राहिली. "माजो झील बेवडो नाय. श्रावण पाळता तो. तुमका सगळेच बेवडे दिसतत." बाईंनी दादाला हाक मारली. तो बाहेर आला नाही.

श्रावण सरता सरता त्याचे डोळे पिवळे झाले. आणि काय सांगू, घरात सगळ्यांना हायसं वाटलं! कावीळ! कावीळ बाहेरच्या पाण्याने होते, उघड्यावरचं खाल्ल्याने होते, चांगल्या घरात होते. कावीळ झालेल्या माणसाला बघायला लोक शहाळी घेऊन येतात. स्वयंपाकघरातून हळद हद्दपार झाली, उसाचा रस सुरू झाला, आणि आईने दादाला कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायला सुरुवात केली. तो माणूस दादाच्या हातांना कसल्याशा सालीचा रस चोळायचा आणि चुन्याच्या पाण्याने धुवायचा. पाणी पिवळं पडायचं. आई ते पाणी बघून हात जोडायची.

एका रविवारी सकाळी, आई देवळात गेल्यावर, मी घरीच दादाचं रक्त काढलं. त्याने मुकाट्याने हात पुढे केला. म्हणाला, "बाईंना नको सांगू हां. गणपती जाऊ दे." मी ते रक्त मशीनला लावलं. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं पिवळं, चढलेलं, प्लेटलेट घसरलेल्या, रक्तातल्या लाल पेशी फुगलेल्या, आणि लिव्हरच्या दोन चाचण्यांपैकी एसजीओटीचा आकडा एसजीपीटीच्या दुपटीहून वर. साध्या काविळीत, म्हणजे पाण्यातून होणाऱ्या, हे दोन्ही आकडे हजारांत जातात आणि बहुधा दुसराच वरचढ असतो. इथे दोन्ही शेकड्यांत आणि उलटे होते. हा नमुना मी बाईंच्या पेशंटांत इतक्यांदा पाहिला होता की नाव झाकून दिला असता तरी ओळखला असता. नाव माझ्या भावाचं होतं. मी तो रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकला आणि चावी लावली.

आठ दिवस तो ड्रॉवरमध्ये होता. रोज रस्ता ओलांडून मी बाईंना दुसऱ्यांचे रिपोर्ट देत होते. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. गणपती तोंडावर होते, आई म्हणत होती रंग उतरतोय, दादा म्हणत होता भूक लागतेय. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. भाऊ मरेल याची भीती मागे, आणि बाईंच्या केसपेपरवर आमच्या आडनावापुढे काय लिहिलं जाईल ही लाज पुढे. असल्या लाजेला जोड्याने मारलं पाहिजे.

नवव्या दिवशी मी रिपोर्ट टेबलावर ठेवला. बाईंनी वाचला. तारीख वाचली. मी वाट बघत होते की आता तांब्या माझ्या डोक्यात बसणार. त्या उठल्या, माझा दंड धरला आणि मला चालत त्या कावीळवाल्याकडे घेऊन गेल्या. रांगेतल्या लोकांना बाजूला केलं. मला म्हणाल्या, "हात पुढे कर." त्या माणसाने माझ्या हातांना रस चोळला, चुन्याचं पाणी ओतलं. पाणी पिवळंधमक झालं. मग बाईंनी स्वतःचे हात पुढे केले. तेही पाणी पिवळं. तिथे बसलेल्या सगळ्यांना दाखवून म्हणाल्या, "घ्या! आम्हा दोघींनाही कावीळ. चुना आणि साल एकत्र आली की पिवळंच होणार. गाढवाचे पाय धुतले तरी पिवळं होईल." लोकांनी आम्हाला तिथून हाकललं. बाहेर रस्त्यावर त्यांनी पदराने हात पुसले आणि खाली बघत म्हणाल्या, "परब, आठ दिवस गं." त्यांच्या आवाजात राग नव्हता.

दादाला परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा पोट पाण्याने तट्ट फुगलं होतं. डॉक्टरने पंजे मागे वळवायला सांगितलं. पंजे फडफडून खाली पडले. चौथ्या दिवशी त्याला आपली बारा वर्षांची मुलगी, ऋचा, ओळखू येईना. तिला तो "सिस्टर" म्हणून हाका मारत होता. गणपती विसर्जनाचे ढोल खालच्या रस्त्यावर वाजत होते, त्या दिवशी दुपारी तो गेला. बेचाळीस वर्षांचा होता.

तेराव्याला बाई आल्या. पांढऱ्या साडीत, कोपऱ्यात, अगदी शांत बसल्या होत्या. गावाहून आलेल्या कोणी मावशीने विचारलं, काय झालं होतं गं मोहनला? आई म्हणाली, "कावीळ. काविळीन गेलो माजो झील." चार बायका हळहळल्या, हल्ली पाणीच खराब येतं म्हणाल्या.

"दारूने गेला," बाई म्हणाल्या.

जेवणाच्या पंगतीतले हात थांबले. बाई उभ्या राहिल्या होत्या. "पाण्याला कशाला बदनाम करता? बायको म्हणते कंपनी, आई म्हणते थकवा, बहीण म्हणते उपास. अरे, तो मुलगा तुम्हा सगळ्यांसमोर हात पसरून उभा होता! लाल हात! आणि आताही कावीळ म्हणताय. ही पोर इथे बसलीय, तिला तरी खरं कळू द्या की तिचा बाप कशाने गेला." ऋचा भिंतीला टेकून बसली होती. तिने बाईंकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

मी बाईंना हाताला धरून जिन्यापर्यंत नेलं आणि म्हटलं, "पुन्हा आमच्या घरी येऊ नका." खूप राग आला होता मला त्यांचा. माणूस जाऊन तेरा दिवस झालेत, आईची अवस्था काय, वेळ काय, बोलायचं काय, असं सगळं मी जिन्यात उभं राहून म्हणत होते. त्या ऐकून घेऊन खाली उतरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दवाखान्यातून नेहमीसारख्या रक्ताच्या बाटल्या आल्या, चिठ्ठीवर नेहमीसारखंच लिहिलेलं, 'परब, आज हवं.' मी कामाला लागले. तो राग किती वर्षं होता कोण जाणे. आता तो जागचा हलून बाकीच्या सगळ्यांवर जाऊन बसलाय, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर.

वय झालं तशी बाईंची नजर गेली. पूर्ण नाही, पण समोर जे बघायचं तेच मधोमध दिसेना, कडेकडेचं दिसायचं. दवाखाना बंद केला आणि त्या गिरगावात भाचीकडे राहायला गेल्या. मी अधूनमधून जायचे. त्या विचारायच्या, "पिवळे किती आले या महिन्यात?" हल्ली तरण्या पोरांचे येतात म्हटलं की टेबलावर मूठ आपटायच्या.

आमच्या चाळीच्या जागी आता टॉवर झालाय. श्रावणातली पूजा चालू आहे, सातव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, एसी लावून. गेल्या श्रावणात मी टॅक्सी करून बाईंना घेऊन आले. ऋचाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, तीही नवऱ्याला घेऊन आली होती. आई पंच्याऐंशीची, खुर्चीत बसलेली. बाईंना बघून तिने मान फिरवली. बाईंनी हॉलमध्ये शिरताच पहिलं काय केलं असेल तर चौरंग खिडकीपाशी हलवायला लावला. "दिवे बंद करा ते. आणि पळी परबकडे द्या. मी शेजारी बसते." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मी मनगट धरेन. तू रंग सांग."

रांग सुरू झाली. मी हळूच सांगत होते, ठीक आहे, ठीक आहे, हिची मेंदी आहे, याला ऑइलपेंट लागलाय. बाई माना डोलवत होत्या. आणि मग समोर ऋचाचा नवरा आला. समीर. हसरा मुलगा, मोठ्या कंपनीत, अगदी आईचा लाडका नातजावई. त्याने उजव्या हाताखाली डावा धरला. पळीतलं तीर्थ हातात पडलं आणि तिथे डचमळत राहिलं. अंगठ्याच्या बुडाशी लाल. करंगळीच्या कडेने लाल. मधे पांढरा.

"परब?" बाई म्हणाल्या.

ऋचा त्याच्या खांद्यामागे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाली, "आत्या, श्रावण पाळतोय तो. परवापासून उपास आहेत ना, अशक्तपणा आलाय."

बापाच्या तेराव्याला खरं ऐकलेली मुलगी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हॉल भरलेला होता, समीरची आई, आमच्या विहीणबाई, दोन हातांवर उभ्या होत्या, आणि खुर्चीतून आईचा आवाज आला, "तू गप रव गो."

"लाल आहे बाई," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "कडेने लाल, मधे पांढरा. आणि थरथरतोय."

"कोणाचा हात?"

"आमच्या जावयाचा. मोहनदादाच्या ऋचाचा नवरा."

बाईंची बोटं त्याच्या मनगटावर घट्ट झाली. गावडे मला तेवढ्यात आठवले, कदाचित त्यांनाही आठवले असावेत, कारण त्या ओरडल्या नाहीत. खालच्या आवाजात विचारलं, "बाळा, किती वाजता सुरू करतोस?" समीरने हॉलमधल्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "ऑफिसला निघायच्या आधी." ऋचाने तोंडावर हात दाबला.

"परवा एकदम बंद केलीस ना? मग सोमवार नाही. आत्ता जायचं, हॉस्पिटलात, फिट यायच्या आत. ऋचा, चपला घाल."

मी त्यांच्याबरोबर खाली गेले. टॅक्सीत मागच्या सीटवर ते तिघं बसले, बाई मधे. समीरचं मनगट त्यांनी सोडलेलं नव्हतं. दुसऱ्या हातावरचं ते वडिलांचं घड्याळ त्या डोळ्यांच्या कडेला, कानशिलाजवळ धरून नाडी मोजायचा प्रयत्न करत होत्या, आणि ऋचा रडत रडत त्यांना सेकंद वाचून दाखवत होती. मी पुढच्या सीटचं दार उघडलं, तशी बाई ओरडल्या, अगदी पूर्वीच्या आवाजात, "तू कुठे चाललीस? रांग अर्धी राहिलीय. वर जा!" टॅक्सी सुटली. ते माझं त्यांना शेवटचं बघणं. दिवाळीनंतर त्या गेल्या, झोपेत.

मी वर गेले. हॉलमध्ये कुजबुज चालली होती. विहीणबाई निघून गेल्या होत्या. मी खिडकीपाशी बसले, पळी उचलली. रांगेतले आठ-दहा जण तिथेच उभे होते, ते एकेक करून पुढे आले. काहींनी हात पुढे करताना मूठ अर्धी मिटलेली ठेवली, मी ती उघडायला लावली.

सगळ्यात शेवटी आईला खुर्चीसकट कोणीतरी माझ्यापुढे आणून ठेवलं. तिने हात पसरला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोहनाचो हात पण त्या जावयासारखोच होतो. लाल. माका तेवाच दिसलेलो गो."

पंधरा वर्षं. मी पळी भरली आणि तिच्या हातावर तीर्थ घातलं.